फुलं तोडणारी मुलगी आणि कुजलेला राजमा

पत्र थोडक्यात: ठाण्यात सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी पाच वर्षांची, सीनियर केजीत. शाळेने झाडाच्या भागांचा तक्ता करून आणायला सांगितला, तो रात्री अकरापर्यंत जागून आईनेच केला. मुलीला रूट, स्टेम, लीफ, फ्लॉवर घडाघडा म्हणता येतं, पण खरं झाड दिसलं की ती पानं ओरबाडते, फुलं तोडून चुरगाळते. कापसात राजमा रुजत घातला होता, तो तिने रोज उकरून पाहिला. शेवटी त्याला वास सुटला, आणि तो टाकून देताना ती खूप रडली. घरात आजोबा रोज सकाळी सोसायटीच्या बागेतून पूजेला फुलं आणतात. आजी म्हणते, तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नये, झाडं झोपतात. बाबांचं म्हणणं, व्हिडिओ दाखव, उगाच चिखल कशाला? ‘आजोबा तोडतात, मग मी का नाही?’ आणि ‘फूल कशाला असतं?’ या मुलीच्या दोन प्रश्नांपुढे आई निरुत्तर झाली आहे. ‘बाग नाही, मला स्वतःला झाडांतलं काही कळत नाही, मी तिला काय शिकवणार?’ असं त्या विचारतात.

प्रिय ताई,

आधी राजम्याचं बोलते, कारण मुलगी त्यावर रडली आहे. राजमा उकरल्यामुळे कुजला नाही. रुजणाऱ्या बीला पाण्याइतकीच हवाही लागते. कापूस गच्च ओला राहिला की बीभोवती हवा उरत नाही, ती गुदमरते आणि मग वास सुटतो. शिवाय दुकानातला राजमा किती जुना असेल सांगता येत नाही, आणि फार जुनी बी उगवेलच असं नाही. हे मुलीला आजच सांगा. पाच वर्षांची मुलं अशा वेळी सगळा दोष स्वतःकडे घेतात आणि बोलून दाखवत नाहीत.

झाडांतलं काही कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण मटकीला मोड तर आणत असालच. मटकी रात्रभर भिजवायची, पाणी पूर्ण उपसायचं, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायची. बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब एवढंच लागतं, आणि हे तिन्ही तुम्ही न चुकता देता. कापसाने जे बिघडवलं ते फडकं दर वेळी नीट करतं. तेव्हा पुढच्या वेळी पुरचुंडी बांधताना मुलीला शेजारी उभं करा आणि तिच्या वाटणीची मूठभर मटकी किंवा मूग तिच्या हाताने बांधू द्या.

आता उकरण्याचं. बी पेरून तिच्याकडे पाहत बसायचं, हात लावायचा नाही, ही अपेक्षा पाच वर्षांच्या मुलीकडून करणं मला पटत नाही. मातीखाली काय चाललंय हेच तर तिला पाहायचंय! तिला दोन डबे द्या. एक वाट पाहायचा आणि एक उकरायचा. श्रीखंडाच्या किंवा दह्याच्या रिकाम्या डब्याला तळाशी चार-पाच भोकं पाडा, माती भरा आणि उकरायच्या डब्यात पंधरा-वीस मूग पेरा. रोज त्यातला एक मूग हलकेच उपटायचा, पाण्यात धुवायचा आणि वहीच्या पानावर सेलोटेपने चिकटवायचा, खाली तारीख. तारीख तिलाच लिहू द्या, आकडे उलटे पडले तरी.

या वहीत काय काय दिसेल ते सांगते, म्हणजे तुम्हालाही कुठे पाहायचं ते कळेल. पहिल्या दिवशी मूग फक्त फुगलेला असतो, सालीला सुरकुत्या पडलेल्या असतात. मग साल फाटते आणि पांढरं टोक बाहेर येतं. ते मूळ. मूग उलटा पेरा, आडवा पेरा, आधी मूळच येतं आणि ते वळून खालीच जातं. हे मुद्दाम करून बघा, मुलांना यात फार गंमत वाटते. त्यानंतर मातीतून वर येतो तो शेंडा नसतो, वाकलेली मान असते. कोंब मान खाली घालून माती ढकलतो आणि बाहेर आल्यावर ती सरळ करतो, त्यामुळे टोकाच्या कोवळ्या पानांना माती घासत नाही. या मानेबरोबर मुगाच्या दोन्ही डाळिंब्याही ओढल्यासारख्या वर येतात. पानं उघडून हिरवी झाली की याच डाळिंब्या रोज थोड्या थोड्या सुकत जातात आणि एक दिवस गळून पडतात. त्या का सुकल्या, हा प्रश्न तिच्याकडून येऊ द्या. आला की सांगा, ती रोपाची शिदोरी होती. पानं कामाला लागेपर्यंत पुरेल एवढं खाणं आईने बरोबर बांधून दिलं होतं.

शेजारी अजून एका डब्यात मूगडाळ पेरून पाहा. ती कुजते, उगवत नाही. कारण दळताना, भरडताना जे इवलंसं टोक तुटतं, तेच खरं रोप असतं. भिजवलेला शेंगदाणा तिच्या नखाने उलगडू द्या. दोन फाकांच्या मध्ये एका टोकाला ते रोप बसलेलं असतं, आणि नीट पाहिलं तर त्याची दुमडलेली पानंसुद्धा दिसतात. शेंगदाणा सोलताना ते टोक आपण आयुष्यभर पाहत आलो आहोत, चिवड्याच्या डब्याच्या तळाशी ती टोकं साठतात, पण ते झाडाचं बाळ आहे असं कुणी आपल्याला सांगितलेलं नसतं. हरभराही पेरा. त्याची डाळ मुगासारखी वर येत नाही, मातीतच राहते. का, ते सांगायची घाई करू नका. दोन डब्यांत फरक आहे एवढं तिला दिसलं तरी पुष्कळ झालं.

मग फुलांचं. तुमच्या पत्रात ‘चुरगाळते’ या शब्दाखाली तुम्ही रेघ मारली आहे. मुलगी निष्ठुर निघणार की काय, अशी भीती त्यामागे असावी. मला तसं वाटत नाही. या वयात डोळ्यांपेक्षा हातांनी जास्त कळतं. तिला फूल उघडून बघायचंय, पण उघडायचं कसं ते कुणी दाखवलेलं नाही, म्हणून ते चुरगाळलं जातं. उघडायला फूल द्या आणि उघडायची रीत दाखवा, ओरबाडणं पुष्कळ कमी होईल.

त्यासाठी झाडावरचं फूल तोडायची गरज नाही. आजोबांच्या परडीतलं एक फूल पूजेआधी बाजूला काढून ठेवायला सांगा, किंवा आदल्या दिवशीचं निर्माल्य वापरा. ज्यांच्याकडे रोज दाराच्या कडीला फुलपुडी लावली जाते त्यांनी त्यातलं एक ठेवावं. आजी-आजोबांना निर्माल्याला असा हात लावलेला आवडणार नसेल तर त्यांचा मान राखा, बाजारातून दोन फुलं जास्तीची आणा. पाहून झालेलं सगळं कुंडीतल्या मातीत घालायचं, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल.

सुरुवात जास्वंदीने करा. इतकं मोठं आणि मोकळं फूल दुसरं सहज मिळत नाही. पेपरवर ठेवून एक एक भाग अलगद सुटा करायचा. खाली हिरवी वाटी, मग पाच पाकळ्या, तळाशी एकमेकींना चिकटलेल्या. मधोमध लांब दांडा, त्याच्या अंगावर पिवळ्या ठिपक्यांसारखे परागकोश. त्यांना बोट लावलं की पिवळी पूड लागते, ते पराग. दांड्याच्या अगदी टोकाला मखमली डोकी असलेले पाच छोटे टिपके, पूड चिकटते ती तिथे. वाटीच्या आत दांडा जिथून निघतो तो फुगीर भाग तुम्ही सुरीने उभा कापून द्या. आत पांढरे बारीक दाणे ओळीने दिसतील. बी व्हायची ती यांची. पण आपल्याकडच्या बहुतेक शोभेच्या जास्वंदींना बी धरत नाही, फांदी लावूनच त्या वाढवतात. म्हणून आतलं बघायला जास्वंद घ्या, आणि फुलाची बी होताना बघायला दुसरं झाड निवडा.

झेंडू तर आणखी मजेचा. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो कितीतरी बारीक फुलांचा गुच्छ असतो. एकेक पाकळी तळापासून ओढून काढली की खाली कोवळी काडी लागलेली दिसते. हीच काडी वाळून काळी झाली की ती झेंडूची बी. दसऱ्याचं तोरण वाळलं की फेकू नका, कुंडीत कुस्करून वर चिमूटभर माती भुरभुरा. सगळ्या काड्या उगवणार नाहीत, काही नक्की उगवतील.

‘फूल कशाला असतं?’ या प्रश्नाला तुम्ही ‘देवाला वाहायला आणि छान दिसायला’ असं उत्तर दिलंत आणि मग तुम्हालाच ते खटकलं. खटकलं हे चांगलं झालं. पण हा प्रश्न सोपा मुळीच नाही. फुलातली पूड मिळाल्याशिवाय बी धरत नाही, हे प्रयोगाने दाखवून दिलं ते जर्मनीतल्या रूडॉल्फ कामेरारियस यांनी, १६९४ साली. त्यांनी एरंडाची नरफुलं उमलण्याआधी काढून टाकली, तेव्हा त्या झाडाला धड बी धरली नाही. माणूस हजारो वर्षं शेती करत होता, तरी हे असं पडताळून पाहायला सतरावं शतक संपत यावं लागलं. तेव्हा तुम्हाला चटकन उत्तर सुचलं नाही यात कमीपणा कसला?

मुलीला सांगायचं उत्तर एका वाक्याचं आहे. फूल बी तयार करायला असतं. पण ते वाक्य सांगण्यापेक्षा दाखवता आलं तर बघा, आणि दाखवायला कारल्याच्या वेलासारखं काही नाही. भाजीच्या टोपलीत विसरून पिवळं पडलेलं कारलं असतं ना, त्यातल्या लाल गरातल्या बिया धुऊन रात्रभर भिजवा आणि पावसाच्या सुरुवातीला मोठ्या कुंडीत लावा. ग्रिलला दोरी बांधली की वेल आपोआप चढतो. तो दोरी कशी पकडतो हेही बघण्यासारखं आहे. साधारण दीड-दोन महिन्यांत पिवळी फुलं येतील. आधी येतात ती सगळी नरफुलं, नुसत्या बारीक देठावरची. मग एक दिवस असं फूल दिसेल ज्याच्या पाठीशी बोटाच्या पेराएवढं कारलं आधीच आहे, खरखरीत अंगासकट. ते मादीफूल. सहाव्या मजल्यावर मधमाशी येईलच असं नाही, म्हणून सकाळीच एक नरफूल तोडून त्याची पूड मुलीच्या हाताने मादीफुलाच्या मधोमध लावायची. पूड पोचली तर कारलं वाढतं. नाही पोचली तर ते इवलं कारलं पिवळं पडून गळतं. दोन फुलं मुद्दाम तशीच सोडा. कामेरारियस यांचा प्रयोग तुमच्या ग्रिलमध्ये होईल, आणि फूल कशाला असतं हे तुमची मुलगीच तुम्हाला सांगेल.

वेलाला जागा नसेल तर तेरडा लावा. जूनमध्ये पेरला तर गौरी-गणपतीच्या सुमारास फुलतो आणि त्यानंतर त्याची बोंडं भरतात. पिकून टपोरं झालेलं बोंड चिमटीत धरलं की ते फटकन उकलतं आणि बिया उडतात. हा खेळ मुलं तासन्‌तास खेळतात. उडालेल्या बिया वेचून पुढच्या वर्षी पेरायला ठेवल्या की बीपासून बीपर्यंतची फेरी एका पावसाळ्यात पुरी होते. लहान मुलांसाठी झाड निवडताना मी हेच पाहते, फेरी लवकर पुरी होते की नाही. गुलाबाची कुंडी आणली तर फूल दिसतं, पण ते कुठून आलं आणि त्याचं पुढे काय झालं हे दिसत नाही. गुलबक्षीही अशीच फेरी पुरी करते आणि दुपार उतरता उतरता, मुलं खेळायला निघायच्या वेळी उमलते. तिच्या काळ्या बिया मिऱ्यांसारख्या दिसतात आणि पोटात गेल्या तर विषारी असतात, म्हणून घरात अजून वस्तू तोंडात घालणारं बाळ असेल तर गुलबक्षी नको.

‘आजोबा तोडतात, मग मी का नाही?’ हा तिचा प्रश्न मला फार रास्त वाटतो. लहान आहेस म्हणून, असं उत्तर देऊ नका. आजोबांना जे नियम तेच तिला, एवढंच उत्तर टिकेल. सोसायटीत फुलं तोडू नयेत अशी पाटी असेल तर मग आजोबांनीही तोडू नयेत, हे तुम्हाला सांगायला अवघड असलं तरी सांगावं लागेल. पाटी नसेल तर सकाळी तिला परडी घेऊन त्यांच्याबरोबर पाठवा. कळी तोडायची नाही, फांदी ओढायची नाही, दुसऱ्याच्या झाडाला विचारल्याशिवाय हात नाही, आणि झाडावर निम्मी फुलं मधमाश्यांना, फुलपाखरांना ठेवायचीच, हे नियम आजोबांच्या तोंडून आले तर ती जास्त मनावर घेईल. खाली पडलेलं मात्र सगळं तिचं. प्राजक्त तर खाली पडलेलाच देवाला चालतो. बकुळ, कांचन, सोनमोहर यांचा सडा वेचायला कुणाची परवानगी लागत नाही.

आजीचं ‘झाडं झोपतात’ हेही मोडीत काढू नका. संध्याकाळी तिघी मिळून रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाखाली किंवा चिंचेखाली जा. पानं जोडीजोडीने मिटलेली दिसतील. तेवढं लांब जायला नको असेल तर कुंडीत आपण न लावता उगवलेली आंबुशी शोधा, तीन पाकळ्यांसारख्या पानांची. रात्री तिचीही पानं खाली मिटतात. सगळीच झाडं असं करत नाहीत, मग कोण मिटतं आणि कोण नाही, याची यादी आजी आणि नात मिळून करू शकतील.

बाग नाही याची खंत करू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. तिथली मुलं गुरं चारायला जात, शाळेत येऊ शकत नसत, म्हणून शाळाच कुरणात नेली. तिला नावच कुरणशाळा पडलं. पानं, बिया, शंख-शिंपले हेच शिकवण्याचं साहित्य होतं. तुमच्या इमारतीच्या पाइपाच्या फटीतही एखादं पिंपळाचं रोप असेलच. तिथे कुणी पेरलं? पक्ष्याने. एवढ्यावर एक अख्खी दुपार जाते.

व्हिडिओबद्दल बाबांचं पूर्ण चूक नाही. फूल उमलताना किंवा वेल दोरीला वळसा घालताना आपल्या डोळ्यांना दिसत नाही, भरभर पळवलेल्या चित्रणात ते दिसतं. फक्त ते आधी दाखवू नका. आठ दिवस मुगाची वाट पाहिल्यावर मुगाचा व्हिडिओ दाखवा, ती त्यात तुम्हाला न दिसलेल्या गोष्टी दाखवेल.

शाळेशी भांडण नको. पुढच्या वेळी तक्ता मागितला तर मेथीची जुडी आणा. त्यात मुळांसकट रोपं असतात. निवडायला बसताना एक मुलीला द्या, तिने माती धुवावी, पेपरमध्ये दाबून वाळवावी आणि कागदावर चिकटवावी. नावं शाळेत इंग्रजीत, घरी मराठीत, दोन्ही चालतील. मुळाला मातीचा वास येत असेल तर नाव कुठल्याही भाषेत लक्षात राहतं.

रोप मेलं तर रात्रीतून गुपचूप नवं आणून ठेवू नका. दोघी मिळून ते उपटा, मूळ पाहा. तपकिरी, लिबलिबीत असेल तर पाणी जास्त झालं, कोरडं, कुरकुरीत असेल तर कमी पडलं. मुलं पाणी नेहमी जास्तच घालतात, म्हणून झारीऐवजी एक वाटी ठरवून द्या आणि आधी मातीत बोट खुपसून बघायची सवय लावा. बोट ओलं लागलं तर आज पाणी नाही. रडली तर रडू द्या.

आता काळजीच्या दोन-तीन गोष्टी, आणि या बाबतीत ढिलाई नको. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, एरंडाच्या बिया आणि गुंज ही विषारी आहेत. बिट्टीच्या बियांनी आपल्यापैकी कितीतरी जण लहानपणी खेळले असतील, तरीही मुलांच्या हातात त्या देऊ नका. कण्हेर पूजेला येत असेल तर मुलीला ती ओळखायला शिकवा, आणि ती हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच. कृषी सेवा केंद्रातलं गुलाबी-निळा रंग चढवलेलं बियाणं औषध लावलेलं असतं, मुलांसाठी स्वयंपाकघरातल्याच बिया घ्या. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासा, डेंग्यूचे डास त्यातच वाढतात.

तुमच्या गॅलरीत ऊन किती येतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. चार-पाच तास ऊन असेल तर वर सांगितलेलं सगळं जमेल. त्याहून कमी असेल तर कारलं आणि झेंडू सोडून द्या, मूग, मेथी आणि तेरडा करा. अजिबात ऊन नसेल तर उकरायचा डबा आणि आजोबांच्या परडीतलं रोजचं एक फूल, यावर या पावसाळ्याचं काम भागेल. उरलेल्या बिया कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या डब्यात ठेवा आणि पाकिटावर झाडाचं नाव आणि तारीख मुलीकडून लिहून घ्या.